ओपा इन्स्पेक्ट : पेटीचं झाकण उघडून दाखवणारी कमांड

एप्रिलमधल्या एका संध्याकाळी, निर्यातीचा आंबा जिथे भरला जातो त्या पॅकहाउसमधून सुपरवायझर काकूंचा फोन आला. त्या फोनवर कधी 'हॅलो' म्हणत नाहीत, थेट मुद्द्यावर येतात. "काय गो बाय, ही लॉट अजून टाकीत उतरलीच नाय, नि तुझा पडदा हिरवा कसा?"

टाकी म्हणजे उष्णजल प्रक्रियेची टाकी. युरोपला जाणारा हापूस ४८ अंश सेल्सिअसच्या पाण्यात ६० मिनिटं बुडवून ठेवावा लागतो, म्हणजे फळात फळमाशीची अंडी-अळ्या असतील तर मरतात. २०१४ साली युरोपीय संघानं भारतीय आंब्यावर बंदी घातली होती ती याच माशीपायी. पुढच्या वर्षी बंदी उठली, पण त्या हंगामाची आठवण कोकणातले बागायतदार अजून काढतात. आणि पडद्यावरचा हिरवा रंग म्हणजे 'ही लॉट पाठवायला हरकत नाही'. तो रंग ठरवणारे नियम मी लिहिलेले. म्हणजे पाणी माझ्याकडेच कुठेतरी मुरत होतं.

काकूंनी लॉट बाजूला काढून टाकीत उतरवली, त्यामुळे नुकसान काही झालं नाही. पण पुढच्या दहा मिनिटांत ज्या कमांडनं माझी चूक माझ्यापुढे आणून ठेवली, तिच्याबद्दल लिहायचं तेव्हापासून मनात आहे. आता हंगाम संपला, पाऊसही ओसरला. मधल्या काळात मी ती जवळपास रोज वापरली, चांगलं-वाईट दोन्ही बघून झालं.

ज्यांना ओपा माहीत नाही त्यांच्यासाठी चार ओळी. ओपन पॉलिसी एजंट हे त्याचं पूर्ण नाव, उच्चार 'ओपा'. स्टायरा नावाच्या कंपनीत २०१६ साली काम सुरू झालं, २०१८ मध्ये ते क्लाउड नेटिव्ह कंप्युटिंग फाउंडेशन या मुक्त प्रकल्प सांभाळणाऱ्या संस्थेकडे आलं आणि २०२१ मध्ये तिथल्या 'पदवीधर', म्हणजे परिपक्व मानलेल्या प्रकल्पांत गेलं. कल्पना साधी आहे. कुणाला काय करू द्यायचं हे नियम ॲपच्या कोडमध्ये विखरून ठेवायचे नाहीत, वेगळ्या फाइलींत रेगो या भाषेत लिहायचे. ॲप ओपाला प्रश्न विचारतं, ओपा नियम बघून उत्तर देतं. बहुतेक लोक ते कुबरनेटीसवर, म्हणजे सर्व्हरांवर ॲप्स चालवणाऱ्या प्रणालीवर, पहारा ठेवायला वापरतात. मी आंब्यावर वापरते. युरोपला उष्णजल, अमेरिकेला जायचं तर किमान ४०० ग्रेचं (ग्रे हे किरणांच्या मात्रेचं माप) विकिरण, कुठे आणखी काही. शिवाय कुठल्या माणसाला कुठल्या लॉटवर शिक्का मारता येईल हेही आहेच. हे सगळं बदलत असतं, आणि दर बदलाला आख्खं ॲप हलवणं मला परवडत नाही. मी एकटी आहे. पुण्यातली नोकरी सोडून गावखडीला घरी येऊन पाच वर्षं झाली.

नियम आणि त्यांना लागणारी माहिती एकत्र बांधून जे गाठोडं तयार होतं, त्याला बंडल म्हणतात. दिसायला साधी टार.जीझेड, म्हणजे अनेक फाइली आवळून एकात बांधलेली फाइल. मी ते सर्व्हरवर ठेवते, पॅकहाउसमधल्या छोट्या संगणकावरचा ओपा दर एक-दोन मिनिटांनी 'नवीन काही आलंय का' म्हणून विचारतो आणि आलं असेल तर उतरवून घेतो. रेंज गेली तर जुन्यावर काम चालू ठेवतो. आमच्याकडे रेंज जाणं ही बातमी नसते, त्यामुळे ही व्यवस्था मला फार आवडते.

अडचण एकच. बंडल बाहेरून बघून आत काय आहे ते कळत नाही. साका झालेल्या हापूससारखं. रंग छान, वास छान, कापल्यावर आत पांढरट स्पंजासारखा गर.

त्या संध्याकाळी मी सर्व्हरवरचं बंडल उतरवून घेतलं आणि टर्मिनलमध्ये टाइप केलं : ओपा इन्स्पेक्ट, पुढे फाइलीचं नाव. (टाइप करताना अर्थातच रोमन अक्षरांत.) क्षणात दोन तक्ते आले. वरचा मॅनिफेस्टचा, म्हणजे बंडलाच्या ओळखपत्राचा; खालचा नेमस्पेसचा, म्हणजे आतल्या गोष्टींच्या पत्त्यांचा. खालच्या तक्त्यात दोन रकाने असतात. डावीकडे, ओपा सगळे नियम नि माहिती ज्या झाडासारख्या रचनेत मांडतो त्यात ही गोष्ट कुठल्या फांदीवर बसणार. उजवीकडे, ती कुठल्या फाइलीतून आली. माझ्या हिशेबानं तिथे चार ओळी हव्या होत्या. तीन होत्या. 'डेटा.निर्यात.देश' ही ओळच नव्हती. कुठल्या देशाला कुठली प्रक्रिया लागते, ती यादीच बंडलात नव्हती.

कारण ऐकून हसाल. आदल्या दिवशी माझ्या एडिटरमध्ये सहा टॅब उघडे होते आणि सहाही टॅबांचं नाव डेटा.जेसन. (जेसन ही माहिती लिहून ठेवायची एक साधी पद्धत, यामल ही दुसरी.) कुठला कुठला ते कळेना, म्हणून वैतागून मी एकाचं नाव देश.जेसन केलं. सुटसुटीत वाटलं. चाचण्या चालवल्या, सगळ्या पास. बंडल बांधलं, एक चकार शब्द नाही. पाठवलं.

आता यातली मेख. ओपाला नुसता फोल्डर दिला तर तो त्यातल्या सगळ्या जेसन आणि यामल फाइली उचलतो, नाव काहीही असो. चाचण्या मी तशा चालवत होते. पण बंडल म्हणून वाचायला सांगितलं की तो माहितीसाठी फक्त डेटा.जेसन किंवा डेटा.यामल अशाच नावांना ओळखतो. बाकीच्या जेसन फाइलींकडे ढुंकून बघत नाही, आणि तक्रारही करत नाही. दस्तावेजांत हे स्पष्ट लिहिलेलं आहे. मी वाचलेलंही होतं, कधीतरी.

मग पडदा लाल व्हायच्या ऐवजी हिरवा का झाला? तो दोष माझ्या नियमाचा. मी 'नाकारायची कारणं' गोळा करत होते : यादीतून देशाची प्रक्रिया काढ, ती लॉटवर झालेली नसेल तर एक कारण यादीत घाल. ॲप बघत होतं की कारणांची यादी रिकामी आहे का. रिकामी असेल तर हिरवा. रेगोत एखादी माहिती सापडली नाही तर उत्तर 'खोटं' येत नाही, ती जागा अनडिफाइंड, म्हणजे ना खरी ना खोटी, राहते आणि तो नियम गुपचूप बाजूला होतो. देशांची यादीच नाही, म्हणून कारण तयार झालं नाही, म्हणून हिरवा. दोन चुका एकमेकींच्या खांद्यावर हात टाकून निघाल्या होत्या. आता मी 'परवानगी' मुळातच 'नाही' अशी धरते आणि सगळं जमलं तरच 'हो' करते. पण ते या कमांडनं शिकवलं नाही, काकूंनी शिकवलं.

कमांडनं काय केलं? ज्या प्रश्नाचं उत्तर मी अर्धा तास लॉग चाळत शोधलं असतं, ते एका तक्त्यात दाखवलं. आणि त्यासाठी तिला ना सर्व्हर लागला, ना चालू असलेला ओपा, ना नेट. बंडल एकदा हातात आलं की बाकी सगळं लॅपटॉपवर. त्या दिवशी आमच्याकडे लाइटही नव्हती; लॅपटॉप बॅटरीवर, नेट फोनचं, तेही गच्चीच्या एका कोपऱ्यात. बंडल उतरायला जेवढा वेळ लागला, त्याच्या शंभराव्या हिश्श्यात उत्तर.

कुणी म्हणेल, यात विशेष काय, टार उघडून आतल्या फाइलींची नावं बघितली असती तरी कळलं असतं. या बाबतीत खरं आहे. मीसुद्धा आधी तेच करायचे. पण मे महिन्यात जे झालं ते टारनं सापडलं नसतं, निदान मला तरी.

मे महिन्यात मी रिपॉझिटरी, म्हणजे कोडचा सगळा साठा, आवरली. नियम आणि माहिती एका नव्या फोल्डरात ढकलली, नाव ठेवलं 'स्रोत', आणि बंडल बाहेरच्या फोल्डरातूनच बांधत राहिले. टारमध्ये सगळ्या फाइली होत्या. एकही कमी नाही, एकही जास्त नाही. पण इन्स्पेक्टच्या तक्त्यात रेगोची फाइल जुन्याच जागी, 'डेटा.निर्यात.प्रक्रिया'वर, आणि देशांची यादी मात्र 'डेटा.स्रोत.निर्यात.देश'वर गेलेली. एक फांदी सरकली, दुसरी जागची हलली नाही.

हे असं होतं, कारण दोघांचे पत्ते वेगवेगळ्या ठिकाणी लिहिलेले असतात. रेगोच्या फाइलीचा पत्ता तिच्या पहिल्या ओळीतल्या पॅकेजवरून ठरतो, फाइल कुठल्या फोल्डरात पडली आहे याला महत्त्व नाही. माहितीच्या फाइलीचा पत्ता उलट, पूर्णपणे फोल्डरवरून. फाइल हलवली की पत्ता हलला. हे तत्त्व मला दोन वर्षं तोंडपाठ होतं, आणि तरी फोल्डर हलवताना ते आठवलं नाही. टारनं मला फाइलींची यादी दिली असती आणि मी 'आहे की सगळं' म्हणून मान डोलावली असती. इन्स्पेक्ट फाइल आणि तिची फांदी शेजारी शेजारी ठेवतं, आणि या कमांडची खरी किंमत त्या डाव्या रकान्यातच आहे. या वेळी मात्र बंडल पाठवायच्या आधी कळलं, कारण एप्रिलपासून सवय लागली होती.

आणखी एक बरं आहे. बांधलेलं बंडलच द्यावं लागतं असं नाही, नुसता फोल्डर दिला तरी चालतो, आणि त्याला ती बंडल म्हणूनच वाचते. म्हणजे बांधायच्या आधीच देश.जेसन गायब आहे हे दिसतं. मी आता काम करता करता मधेच एकदा चालवून बघते, भाजीचं मीठ बघावं तसं.

वरच्या मॅनिफेस्टच्या तक्त्याबद्दल थोडं. त्यात दोन गोष्टी कामाच्या : रिव्हिजन आणि रूट्स.

रिव्हिजन म्हणजे बंडलाला तुम्ही दिलेली खूण. बांधताना दिलीत तर असते, नाहीतर नसते. गिट ही बदलांची नोंद ठेवणारी प्रणाली प्रत्येक नोंदीला (कमिटला) जी खूण देते, तिची पहिली सात अक्षरं मी देते. हीच खूण ओपा आपल्या निर्णयांच्या लॉगमध्ये प्रत्येक निर्णयासोबत लिहितो, त्यामुळे 'त्या दिवशी त्या लॉटला कुठल्या नियमांनी हो म्हटलं' याचा माग काढता येतो. निर्यातीच्या कामात हा माग फार मोलाचा असतो. पहिल्या वर्षी मी रिव्हिजन देतच नव्हते. मॅनिफेस्टमध्ये ती जागा रिकामी असायची आणि मला त्यात काही वावगं वाटायचं नाही. आज ते आठवलं की कानकोंडं होतं.

रूट्स म्हणजे या बंडलाची हद्द. झाडाच्या कुठल्या फांद्या याच्या मालकीच्या, ते. काही लिहिलं नाही तर ओपा समजतो की आख्खं झाड याचंच. एकच बंडल असेल तर काही बिघडत नाही. जूनमध्ये मी माणसांच्या भूमिकांचं दुसरं बंडल वेगळं काढलं (कोण वजन बघणार, कोण शिक्का मारणार), तेव्हा पॅकहाउसमधल्या ओपानं ते चालू करायला ठाम नकार दिला. दोन बंडलं एकाच जमिनीवर सातबारा सांगत होती. इन्स्पेक्ट दोन्हींवर एकेकदा चालवलं. पहिल्याच्या मॅनिफेस्टमध्ये रूट म्हणून कसलंच नाव नाही, दुसऱ्यात 'भूमिका'. पहिल्यात 'निर्यात' लिहिलं आणि वाद मिटला. हद्द लिहिलेली असली की आणखी एक फायदा होतो : हद्दीबाहेरची फाइल चुकून आत गेली तर बंडल वाचतानाच चूक दाखवली जाते. मे महिन्यातला माझा 'स्रोत'चा घोळ अशी हद्द असती तर तिथेच अडला असता. उशिरा का होईना, कळलं.

एक दिवस तक्त्यात ओळखीची नसलेली ओळ दिसली. 'प्रक्रिया-चाचणी' नावाचं पॅकेज. माझ्या चाचण्यांच्या फाइली बंडलात बसून रोज पॅकहाउसला जाऊन येत होत्या. त्यानं बिघडत काही नव्हतं, पण चाचणीसाठी मी बनवलेल्या खोट्या लॉटच्या नोंदींमध्ये 'साका साका साका' असले विनोदी शेरे होते. ते गिऱ्हाइकाच्या संगणकावर असावेत अशी माझी इच्छा नव्हती. बांधताना अशा फाइली वगळायचा पर्याय आहे, तो दिला. हे सांगायचं कारण, कमी काय आहे ते शोधायला मी ही कमांड वापरायला घेतली आणि जास्त काय आहे तेही तिनंच दाखवलं.

आता भाष्यं, म्हणजे ॲनोटेशन्स. रेगोत नियमाच्या वर कॉमेंटमध्ये 'मेटाडेटा' असं लिहून खाली यामलमध्ये शीर्षक, वर्णन, लेखक, संबंधित दुवे, शिवाय आपल्या मनाचं काहीही लिहिता येतं. इन्स्पेक्टला डॅश ए दिलं की ती हे सगळं गोळा करून दाखवते : नियमाचं शीर्षक, तो कुठल्या पॅकेजमधला, कुठल्या फाइलीत कितव्या ओळीवर. मी शीर्षकं मराठीत लिहिली आहेत. 'युरोप : उष्णजल प्रक्रियेशिवाय लॉट रोखा.' 'शिक्का फक्त प्रशिक्षित माणसाचा.' गिऱ्हाइकाकडे तपासणीला आलेल्या गृहस्थांनी 'तुमचे नियम नेमके काय आहेत ते दाखवा' म्हटलं, तेव्हा मी रेगोचा कोड दाखवला नाही. ही यादी छापून दिली. त्यांनी ती ओळीवर बोट ठेवत वाचली आणि दोन ठिकाणी शंका विचारली. त्यातली एक बरोबर होती.

मराठीमुळे एक गंमत होते : टर्मिनलमध्ये जोडाक्षरं सुटी पडतात, 'प्रक्रिया'चे तुकडे होतात, वेलांटी भलतीकडे जाऊन बसते. दोष टर्मिनलचा, कमांडचा नव्हे. फाइलीत वळवून कुठल्याही एडिटरमध्ये उघडलं की अक्षर नीट दिसतं.

आता तक्रारी.

पहिली, लांब पत्ते. साध्या तक्त्यात फाइलीचा पत्ता लांब असला की तो कापला जातो आणि तीन टिंबं येतात. बघायला सुबक, पण ज्या वेळी आख्खा पत्ताच हवा असतो नेमकी त्याच वेळी टिंबं आडवी येतात. माझ्या फोल्डरांची नावं लांब आहेत हे मान्य. तरी टर्मिनल रुंद असताना का कापायचं? यावर उपाय म्हणजे डॅश एफ देऊन जेसन मागायचं. त्यात काही कापलेलं नसतं. खरं तर रोजच्या कामात मी आता तक्ता बघतच नाही, जेसनच घेते आणि जेक्यू नावाच्या जेसन चाळायच्या साधनातून गाळते. मी बदल सर्व्हरवर चढवले (पुश केले) की बंडल आपोआप बांधलं जातं, लगेच त्याचं इन्स्पेक्ट जेसनमध्ये निघतं, आणि नेमस्पेसच्या यादीत मला हव्या त्या चार नोंदी आहेत का हे तपासलं जातं. एक जरी नसेल तर गाडी तिथेच थांबते. एवढी ओळ एप्रिलच्या आधी लिहिली असती तर काकूंचा फोन आला नसता.

दुसरी तक्रार सह्यांची, आणि ही जास्त महत्त्वाची. बंडलावर डिजिटल सही करता येते. सहीची फाइल बंडलातच जाऊन बसते आणि जेसनमध्ये इन्स्पेक्ट ती दाखवतं. पण तपासत नाही. सही खोटी असो, सहीनंतर आतली एखादी फाइल बदललेली असो, इन्स्पेक्ट मख्खपणे सगळं वाचून दाखवतं. मी हे मुद्दाम करून पाहिलं : सही केली, मग आतल्या देशांच्या यादीत एक अक्षर बदललं, पुन्हा बांधून इन्स्पेक्ट चालवलं. सगळं आलबेल. तिचं काम बघणं आहे, पडताळणी ओपा चालवताना किल्ली देऊन करायची असते, हे पटतं. फक्त नवख्या माणसाला 'सही दिसली म्हणजे बरी असेल' असं वाटण्याचा धोका आहे. एक ओळ, 'सही तपासलेली नाही' एवढीच, छापली असती तर काय बिघडलं असतं?

तिसरी, जुन्या बंडलांची. डिसेंबर २०२४ मध्ये ओपाची १.० आवृत्ती आली आणि रेगोत नियमाच्या अंगाआधी 'इफ' लिहिणं सक्तीचं झालं. माझ्या संग्रहातली आधीची बंडलं नव्या ओपानं तपासायला गेले तर तक्ता येण्याऐवजी चुकांची रांग आली. जुन्या रीतीनं वाच असं सांगणारा पर्याय आहे, तो दिला की वाचतं. पण जुनं बंडल उघडून बघायची वेळ येते ती बहुधा काहीतरी जळत असतानाच, आणि त्या घाईत हा पर्याय आठवत नाही. मी तो चिठ्ठीवर लिहून लॅपटॉपच्या झाकणाला आतून चिकटवला आहे.

आणि एक गोष्ट जिला तक्रार म्हणता येणार नाही, पण घेणाऱ्यानं धरून चालावं : ती आतली मूल्यं दाखवत नाही. देशांची यादी आहे, अमुक फांदीवर आहे, अमुक फाइलीतून आली, इथवर. यादीत युरोपपुढे ४८ लिहिलंय की ८४, ते सांगत नाही. झाकण उघडून पेटीत कुठली फळं आहेत ते दाखवते, फळ कापून दाखवत नाही. त्यासाठी चाचण्या हव्यात, आणि त्या चाचण्या फोल्डर बंडल म्हणून वाचायला लावून चालवायला हव्यात, माझ्यासारख्या नुसत्या फोल्डरवर नव्हेत. ज्यांना कुणाला आज एकच बदल करायचा असेल त्यांनी हा करावा. इन्स्पेक्ट उद्या वापरलंत तरी चालेल.

तारे द्यायचे तर मी चार देते. पाचवा सहीच्या त्या न छापलेल्या ओळीसाठी राखून ठेवला आहे, आणि थोडासा यासाठी की दोन बंडलांमधला फरक ती स्वतः दाखवत नाही. 'कालच्या आणि आजच्यात काय बदललं' हा माझा रोजचा प्रश्न. मी दोन्हींचं जेसन काढते आणि दोन फाइलींतला फरक दाखवणारं डिफ लावते. चालतं, पण मूल्यं त्यात नाहीत, म्हणजे तो फरक पुन्हा अर्धाच.

किंमत शून्य. अपाची २.० परवाना, एकच फाइल उतरवायची, चालवण्याची परवानगी द्यायची, झालं. इन्स्पेक्ट वेगळं घ्यावं लागत नाही, ओपाच्या पोटातच आहे. माझ्या सात वर्षं जुन्या लॅपटॉपवर, ज्याचा पंखा भात गिरणीसारखा वाजतो, तो पंखासुद्धा या कमांडला चालू होत नाही. ज्यांची एक-दोन नियमांची छोटी बंडलं आहेत त्यांना कदाचित वाटेल की याची गरज काय. माझं बंडल चार ओळींचंच होतं.

पॅकहाउसमधल्या पडद्याच्या तळाशी आता बारीक अक्षरांत रिव्हिजन दिसतं. चालू बंडलाचं मॅनिफेस्ट ओपा आपल्याच झाडात, 'सिस्टिम' नावाच्या फांदीखाली ठेवतो, तिथून ॲप ते उचलतं. नवं बंडल पाठवलं की मी माझ्याकडे इन्स्पेक्ट चालवून वरचा तक्ता समोर ठेवते आणि वाट बघते. दोन-तीन मिनिटांत फोन येतो.

"सात, बी, बी, शून्य. पुढचं वाचू?"

"नको काकू, बरोबर आहे."

फोन ठेवलेला असतो.